जवस, दीड वाटी

धरणाचं पाणी गावाच्या पाठीशी येऊन बसलं
तेव्हापासून आमचा उन्हाळा ओला झाला.
आधी कसा कोरडा, खणखणीत होता,
दोरीवरची ओढणी दहा मिनिटांत पापडासारखी कडक.
आता मे सरता सरता
मिठाच्या बरणीला पाणी सुटतं,
काडेपेटी ओढून ओढून गुल झडतो,
आणि माझे केस
माझ्याआधी दारातून बाहेर पडतात.

"तणसाचा ढीग घेऊन कुठं चालली वं?"
रेवताकाकू हापशीवरून ओरडते.
कामावर, म्हणते मी. ढीग घेऊनच.

मी सेतू केंद्रात बसते, आधारचे फोटो काढते.
तिथला कूलर गार करत नाही, नुसता भिजवतो.
माणसं खुर्चीत बसण्याआधी
त्याच्या टाकीत बोटं बुडवतात, भांग बसवतात.
कपाळ मोकळं ठेवा, कान दिसू द्या,
असं मी सांगते
आणि ते माझ्याकडे बघतात.
बोलत कोणी नाही.
दिघोरे गुरुजी तेवढे बोलले,
"पोरी, तुझं कपाळ कुठं आहे?"

सगळं करून झालं.
खोबरेल: तासाभरात तेच तणस, फक्त तेलकट.
दोन रिबिनी, घट्ट: सातवीपर्यंत, डोकं दुखेस्तोवर.
भंडाऱ्याहून केस सरळ करायची पट्टी आणली,
बाराशे रुपये,
त्या दिवशी सकाळपासून लाईन गेली
ती दिवे लागायच्या वेळी आली.

मग प्रणोतीचा नागपुरावरून फोन.
अगं, जवस उकळ. त्याचा चिकट गाळ. ओल्या केसांना लाव
आणि हात लावू नकोस.

डब्यात दीड वाटी जवस होतं.
मायनं डबा असा छातीशी धरला
जसा मी तिचा डोरल्याचा मणी मागितला.
"चटनी कायची करू मंग? तुह्या झिंज्यायची?"
तरी दिलं.
दिलं आणि पाठ करून तांदूळ निवडत बसली.

पाणी रटरटलं. फेस आला, बसला.
पळी वर घेतली तर धार नाही, तार.
पाठीमागून आवाज आला,
"काढ आता. थंडं झालं का गळत नाई थे.
लुगड्याच्या फडक्यातून पीळ."
तुला गं कसं माहीत?
"गाय अडली का पाजतो न आपन,"
माय म्हणाली, आणि एक खडा
अंगणात लांब फेकला.

दुसऱ्या दिवशी मी सेतूत बसले
ती डोक्यावर कारल्याचा वेल घेऊन.
एकेक ताणा वेगळा, एकेक वळण आपल्या जागी.
मानेवरून दोन मुंग्या चालत गेल्या, जाऊ दिल्या.
कूलर ओकत होता, हवा अंगाला चिकटत होती,
बाहेर लिंबाचं पान हलत नव्हतं.
दिघोरे गुरुजी नातीला घेऊन आले,
बसले, उठले, काही बोलले नाहीत.
नात मात्र पावती होईपर्यंत
माझ्या खांद्यावरचं एक वेटोळं
ओढून सोडत राहिली, ओढून सोडत.

चार वाजता कानशिलावरचे उठलेच.
उठू दे. मी काही हवामान खातं नाही.

घरी आले तर माठाखाली ठेवलेली वाटी
धुऊन पालथी घातलेली.
अर्धी भरलेली होती ना गं?
"सांडलं," माय म्हणाली.
पदर नेहमीसारखा कपाळापर्यंत, कानावरून घट्ट.
ताटात भात, वरण, आणि चटणी.
उकळलेलंच जवस तव्यावर भाजून, लाल मिरची घालून,
मधूनच दाताखाली गुळगुळीत.

वाढायला ती वाकली.
कानामागून पदराबाहेर
एकच बट, ओली,
बोटाला गुंडाळावी तशी वळलेली.

मी चटणी अजून मागून घेतली.